कोट घातलेला कॉम्प्युटर

सोमवार, ३

ही वही कॉम्प्युटरसाठी आहे. विजेच्या मीटर तपासणी खात्यात आमची शिस्त होती, यंत्राला हात लावायच्या आधी तारीख टाकायची आणि काय केलं ते लिहून ठेवायचं. नाहीतर दोन दिवसांनी आपणच आपल्याला विचारतो की ही तार इथे कुणी जोडली. निवृत्त झालो म्हणून शिस्त सोडायचं कारण नाही.

यंत्र : घरचा जुना कॉम्प्युटर. स्वभाव शांत, गती गोगलगायीची. काम : हिचा आवाज साठवणे.

हे शेवटचं जरा नीट लिहायला हवं. हिच्या घशात गाठ निघाली आहे. चोवीस तारखेला ऑपरेशन, त्यात स्वरयंत्र काढणार. जिवाला धोका राहणार नाही असं घशाच्या डॉक्टर ठामपणे म्हणाल्या, आवाज मात्र कायमचा जाईल. हॉस्पिटलात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी सांगितलं की त्याआधी ठरावीक वाक्यं वाचून साठवली, तर त्यांवरून हिच्यासारखाच आवाज तयार करता येतो. मग ही टाइप करील आणि कॉम्प्युटर हिच्या आवाजात बोलेल. बाईंनी त्याचा प्रोग्रॅम दिला, वाक्यांचे छापील कागद दिले, आमचा कॉम्प्युटर कोणता ते विचारलं आणि उत्तर ऐकून हसू दाबलं. याच्याने व्हायचं नाही, म्हणाल्या.

तेव्हा आज नवीन मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड आणलं. कॅबिनेट, म्हणजे बाहेरची पेटी, जुनीच ठेवतो आहे. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "काका, आम्ही बसवून देतो." मी म्हटलं, जन्मभर स्क्रूच फिरवलेत.

मंगळवार, ४

सगळं जोडलं आणि पहिल्याच फटक्यात चालू झालं. मी हिला हाक मारून दाखवलं. ही म्हणाली, "छान. आता जेवायला चला, भात दोनदा गरम केलाय."

जेवणानंतर चाचणी घेतली. हिने माइकसमोर पहिलं वाक्य वाचलं : 'उद्या पाणी उशिरा येईल.' प्रोग्रॅमने लाल फुली मारली. मागे आवाज येतो आहे, असं त्याचं म्हणणं. नव्या ग्राफिक्स कार्डाचे पंखे घोंघावतात हे खरं आहे. मी पेटी टेबलाखाली ढकलली, भिंतीकडे वळवली, तरी फुली.

ही शिवणाचे वर्ग घेते. घोंघावणाऱ्या पेटीकडे हिने गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं आणि गळ्यातली टेप काढली. "खांदे रुंद आहेत हो याचे," म्हणाली. मापं घेतली. आत कापूस घालून कोट शिवते म्हणाली, म्हणजे आवाज आतच राहील. कल्पना उत्तम आहे. मला सुचायला हवी होती.

संध्याकाळी गच्चीवर बसू या का, असं हिने विचारलं. मी म्हटलं, अजून प्रोग्रॅम बसवायचाय, उद्या बघू.

गुरुवार, ६

कोट तयार. निळ्या कापडाचा, आत कापसाचा जाड थर, तारांसाठी मागे व्यवस्थित काजं केलेली आणि खाली इलॅस्टिक. पेटीला असा चपखल बसला की मी दोनदा घालून काढून बघितला. आवाज जवळपास बंद. असं काम बाजारात मिळणार नाही.

मग वाचन सुरू केलं. वाक्यं गटागटाने वाचायची असतात. गट पुरा झाला की तो साठवला जातो, मध्येच थांबलं तर सगळा गट पुसला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. ही छान वाचत होती. 'खिडकी उघडी ठेवू नका.' 'मला खालच्या मजल्यावरची खोली हवी आहे.' 'कृपया दार लावून घ्या.' मला हसू येत होतं, कारण इतक्या वर्षांत ही मला कृपया म्हणाल्याचं आठवत नाही. गट संपत आला, आणि पडदा काळा झाला. कॉम्प्युटर बंद. बटण दाबलं तरी बराच वेळ हूं नाही की चूं नाही.

कोट काढून घडी करून ठेवला, पेटी उघडली. एकेक जोडणी तपासली, सगळं जागच्या जागी. चालू करून दुपारभर चालवून बघितलं. तक्रार नाही. आतलं तापमानही बघितलं, थंडगार.

निष्कर्ष : विजेचा दाब कमीजास्त होतोय. आमच्या खात्यात शंभरातल्या नव्वद तक्रारींचं मूळ हेच असायचं.

शुक्रवार, ७

यूपीएस आणला. आता दाब हलणारच नाही. हिने कोट चढवला, खालचं इलॅस्टिक नीट ओढलं, आणि बसली वाचायला. अर्धा गट झाला आणि पुन्हा काळोख.

ही म्हणाली, "तुम्ही एकटे असलात की गुपचूप चालतो. मी तोंड उघडलं की झोपतो. याला माझा आवाज सोसत नाही."

ही थट्टेत बोलली, पण मला त्यात तथ्य दिसतं. बिघाड फक्त वाचन चालू असतानाच होतो. म्हणजे माइक जोडला की कुठेतरी जास्त वीज ओढली जात असणार. माइकची तार बदलली.

रविवार, ९

तार बदलून उपयोग झाला नाही. हिचं म्हणणं, पंख्याचा बारीकसा आवाज अजून येतोय, त्यानेच प्रोग्रॅम गोंधळत असेल. म्हणून हिने काल कोटाला आतून आणखी एक थर लावला. आता कान लावला तरी काही ऐकू येत नाही. मी मनापासून कौतुक केलं.

तरीसुद्धा आज तो आधीपेक्षा लवकर बंद पडला. दोष वाढत चालला आहे हे स्पष्ट आहे. पॉवर सप्लायच बदलायला हवा.

आमच्या मुलीचा, चिऊचा, फोन आला होता. रजा टाकून लगेच येते म्हणाली. हिने सांगितलं, "ऑपरेशनच्या दिवशी ये. आत्ता इथे येऊन काय करशील, बाबांचे पाय बघशील? बाकीचे ते टेबलाखाली असतात." मी टेबलाखालूनच चिऊला नमस्कार सांगितला.

मंगळवार, ११

पॉवर सप्लाय बदलला. परिणाम शून्य.

काल हॉस्पिटलात गेलो होतो. घशाच्या डॉक्टर म्हणाल्या, आवाज बसत चाललाय, जपून वापरा. म्हणून हिने ठरवलं की जो काही आवाज आहे तो वाक्यांसाठी राखायचा आणि घरात बोलायचं नाही. आतापर्यंत एकच गट पुरा साठला आहे, तोही पहाटे गारव्यात वाचला तेव्हा. बाकी सगळी वाचलेली वाक्यं गेली. एकेक गट वाचून झाला की हिला घोटघोट कोमट पाणी प्यावं लागतं, आणि हा डबा ते सगळं पुसून मोकळा होतो. मला त्याला उचलून आपटावंसं वाटलं. मग त्याच्यावरचा हिचा कोट बघितला आणि राग आवरला.

आज रॅमची चाचणी घेतली. ती फार वेळ चालते. ही दुपारी माझ्याजवळ मोड्यावर येऊन बसली होती, बराच वेळ. मी मान वर करून बघितलं तर हसली. मग उठून आत गेली. दिवसभर आम्ही एक शब्दही बोललो नाही. रॅमची चाचणी निर्विघ्न पार पडली.

शनिवार, १५

हात टेकले. कालच कोट उतरवून कॅबिनेट दुकानात नेलं. दुकानातल्या बाईंनी कालचा पूर्ण दिवस आणि आज दुपारपर्यंत त्याला राबवून घेतलं, एकावर एक जड प्रोग्रॅम चालवले. पठ्ठ्या एकदाही पडला नाही. घरी आजारी आणि दवाखान्यात ठणठणीत.

"काका, यात काहीही बिघाड नाही," बाई म्हणाल्या. "घरी कसा ठेवता?"

"टेबलाखाली, अगदी मोकळ्यावर," मी सांगितलं.

"आसपास काही आहे का, भिंत, कपाट?"

"काही नाही. सगळ्या बाजूंनी हात फिरतो."

त्यांनी खांदे उडवले आणि ग्राफिक्स कार्ड हवं तर बदलून देते म्हणाल्या. मी विचार करून सांगतो म्हटलं. परतताना रिक्षात कॅबिनेट मांडीवर घेऊन बसलो होतो. ऑपरेशनला किती दिवस उरले ते मोजायचं टाळलं.

घरी आल्यावर हिने नजरेनेच विचारलं. मी म्हटलं, होईल. हिने माझ्या शर्टाला लागलेली धूळ झटकली आणि पेटीला कोट घातला.

रविवार, १६

सापडलं. काय सापडलं ते लिहिताना लाज वाटते, पण शिस्त म्हणजे शिस्त.

सकाळी वाचन सुरू केलं. गट अर्ध्यावर आला आणि पडदा गेला. मी कपाळाला हात लावून खुर्चीवर बसून राहिलो. आज टेबलाखाली शिरायचीसुद्धा इच्छा नव्हती. मी शिरत नाही असं बघून हीच खाली वाकली कोट काढायला. रोज कोट मीच काढतो. बंद पडल्यावर लगेच हिचा हात आज पहिल्यांदा लागला. हात तिथेच थांबला. मग हिने तळहात पालथा करून कोटावर ठेवला. चिऊ लहान असताना तिच्या कपाळावर ठेवायची अगदी तसाच.

"अहो," ही घोगऱ्या आवाजात म्हणाली, "याला ताप आहे."

मी हात आत घातला तर भाजला. नव्या ग्राफिक्स कार्डाची सगळी उष्णता त्या कापसात कोंडून राहत होती. पंखे गरगरत होते, पण हवा जाणार कुठे? जळू नये म्हणून बिचारा स्वतःच बंद पडत होता. मी आधी बराच वेळ बटण दाबत बसायचो आणि मग कोट काढून तपासायला घ्यायचो, त्यामुळे मला तो नेहमी थंडच सापडला. दुकानात कोट नेलाच नाही. आणि दुसरा थर लावल्यावर तो लवकर पडायला लागला तेव्हा मी कौतुक करून पॉवर सप्लाय बदलला.

दुकानातल्या बाईंनी आसपास काय आहे ते विचारलं होतं. मी काही नाही म्हणून सांगितलं, आणि त्यात खोटं बोलतोय असं मला वाटलंही नाही. कोट ही हिने शिवलेली वस्तू होती. ती यंत्राचा भाग आहे, तीही तपासायची असते, हे डोक्यात शिरलंच नाही.

हिला हसू फुटलं, हसता हसता खोकला आला, मी पाणी आणलं. पाणी पिऊन हिने कात्री घेतली आणि तिथेच जमिनीवर बसून कोट उसवायला सुरुवात केली. मी म्हटलं, राहू दे की, नुसता काढून ठेवू. ही म्हणाली, "चुकलेलं शिवण घरात ठेवू नये." डोळे भरले होते. मीही शेजारी बसलो आणि धागे ओढून दिले. इतका मूर्खपणा दोघांनी मिळून केला याचं मला का कोण जाणे जरा बरं वाटलं.

मंगळवार, १८

उपाय. पेटी उघड्या अंगाने बाहेरच्या खोलीत ठेवली, पंखे खुशाल घोंघावू देत. माइकची लांब तार दाराच्या फटीतून आतल्या खोलीत नेली. ही आत दार लावून छापील कागदावरून वाचते, मी बाहेर हेडफोन लावून बसतो आणि एक वाक्य झालं की पुढचं पडद्यावर आणतो. पुढचं वाचायची खूण म्हणून भिंतीवर एक टकटक करायची. फुली आली तर दोन.

आज गट मागून गट साठले. एकदाही बंद पडला नाही. हिचा आवाज बसला आहे, पण हॉस्पिटलातल्या बाई म्हणाल्या होत्या की थोडा बसलेला चालतो, प्रोग्रॅम सांभाळून घेतो.

हेडफोनमध्ये हिचा आवाज फार जवळ येतो. श्वास घेतलेलासुद्धा कळतो. पान उलटताना ही ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटते हे मला आजवर माहीत नव्हतं.

बुधवार, १९

आजचं वेगळं आहे. यंत्राशी त्याचा संबंध नाही, तरी लिहितो.

सकाळचा गट चालू होता. 'बस थांब्यावर गर्दी आहे,' हे वाक्य पडद्यावर आलं, मी टकटक केली. आतून काही वाचलं गेलं नाही. मी पुन्हा टकटक केली. मग हेडफोनमध्ये आवाज आला.

"अहो, ऐकताय ना? टकटक करू नका. नुसतं ऐका. तुमच्याकडे माइक नाही, म्हणजे मध्ये बोलता येणार नाही. असा योग पुन्हा यायचा नाही."

मी हात खाली घेतला.

"इतके दिवस तुम्ही त्या डब्यात डोकं घालून बसलात. माझ्यासाठीच बसलात, मला कळतं. पण मला भीती वाटते हे मी चिऊला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, त्या डॉक्टरांना सांगितलं. तुम्हाला सांगायला तुम्ही जागेवर कुठे असता? आता सांगते. ऑपरेशनची भीती वाटते, ती कुणालाही वाटेल. आवाज जाणार त्याचंही वाईट वाटतं. पण खरी भीती ती नाही. आपल्या घरात मी बोलते आणि तुम्ही उत्तर देता. आपणहून तुम्ही कधी बोलला आहात? मागच्या आठवड्यात मी दिवसभर गप्प होते, तर तुम्हीही गप्प. तुमच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मला वाटतं, माझा आवाज गेला की या घरातलं बोलणंच जाईल. आपण दोघं दोन खोल्यांत म्हातारे होऊ. हा कॉम्प्युटर टाइप केलं की बोलेल हो, पण तुम्ही काय बोलाल त्याच्याशी?"

मग म्हणाली, "झालं. बस थांब्यावर गर्दी आहे."

पडद्यावर लाल फुली आली. वाक्य जुळत नाही म्हणून प्रोग्रॅमने सगळं पुसून टाकलं. मला त्याचं काही वाटलं नाही, मला ते पाठ झालं होतं. म्हणूनच इथे जसंच्या तसं उतरवता आलं.

मी हेडफोन काढून आत गेलो. ही कागद हातात धरून बसली होती. मी म्हटलं, "मी बोलेन."

"काय बोलाल?"

"ते अजून ठरलं नाही."

ही हसली आणि म्हणाली, "सुरुवात वाईट नाही." मी हिच्या शेजारी बसलो. हिचा हात हातात घेतला तर गार होता. मलाही भीती वाटते, असं मी सांगितलं. इतके दिवस ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. टेबलाखाली असलं की वाटत नाही, हेही सांगितलं. ही म्हणाली, "माहीत आहे. म्हणून तर ओढून काढलं नाही." गट अर्धवट राहिला. तो पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागला आणि दोघांचीही त्याला हरकत नव्हती.

शनिवार, २२

पुरेशी वाक्यं झाली. हॉस्पिटलातल्या बाईंनी फोनवर ऐकून सांगितलं की थांबा आता, चांगला आवाज तयार होईल, उरलेला घसा घरात खर्च करा.

रविवार, २३

आज यंत्राचं काही काम केलं नाही. दिवसभर गच्चीवर होतो. संध्याकाळपर्यंत हिचा आवाज अगदी कुजबुजीवर आला. त्या कुजबुजीत हिने मला माझ्या बहिणीच्या लग्नात झालेल्या भांडणाचं खरं कारण सांगितलं. शेवटचं वाक्य काय बोलली ते लिहून ठेवावं असं वाटलं होतं. शेवटचं म्हणजे, "उठा, पाठ आखडली माझी." 

सोमवार, २४

चिऊ आली. ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली. चिऊच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. बाकी लिहवत नाही.

गुरुवार, २७

हिच्या गळ्याला पट्टी आहे, खाली श्वासासाठी नळी. बोलायला गेली की नुसते ओठ हलतात. पहिले दोन दिवस मला काही कळत नव्हतं, ही चिडायची, पाटीवर लिहायची आणि अक्षरही चिडकं यायचं. काल दुपारी ओठ हलवून काहीतरी म्हणाली आणि मी न विचारता उशी डाव्या बाजूला सरकवली. ही माझ्याकडे बघत राहिली.

मी बोलतो. काय बोलतो ते नोंदवण्यासारखं नाही. कँटीनमधल्या चहाबद्दल बोललो. लिफ्टमध्ये एक गृहस्थ दोन वेगवेगळे बूट घालून आले होते त्याबद्दल बोललो. आधी वाटलं की रेडिओ लावल्यासारखं होतंय, पण ही भुवई उडवते, नाक मुरडते, मध्येच हात वर करून थांबवते. मग पुढचं सुचतं. चिऊ म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढे बोलता हे मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, मलाही.

पुढचा महिना. बुधवार, १६

आवाज तयार होऊन आला. ही घरी येऊन आठवडा झाला आहे. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर हिला बसवलं. मी मागे उभा राहिलो. हिने एका बोटाने टाइप केलं आणि बटण दाबलं.

'चिऊ, मी आई बोलते आहे.'

हिचाच आवाज. घसा बसायच्या आधीचा. फोनवर पलीकडे चिऊ हमसून रडायला लागली. हिने टाइप केलं, 'रडू नकोस, जेवलीस का?' तेही आवाजाने विचारलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा ग्लास भरला आणि तसाच ठेवून परत आलो. इतक्या खटाटोपाचं चीज झालं. यंत्र दिवसभर चाललं. तापमान बघितलं, योग्य आहे.

रविवार, २०

यंत्र उत्तम चालतं आहे, पण मला एक तक्रार नोंदवायची आहे.

गेल्या चार दिवसांत हिचं त्या आवाजात चिऊशी बोलून झालं, शेजारणीशी, शिवणाच्या वर्गातल्या मुलींशी आणि फोनवरून किराणावाल्याशीसुद्धा. त्याला तर दोनदा कृपया म्हणाली. माझ्याशी मात्र त्या आवाजात एक शब्द नाही. मी मुद्दाम टेबलाजवळून येरझाऱ्या घातल्या. काही नाही. मला वाईट वाटलं. कुणामुळे तो आवाज उभा राहिला?

आज विचारायचं ठरवलं, पण सकाळी वेळच मिळाला नाही. उठल्या उठल्या ही म्हणाली की तुमच्या शर्टाची कॉलर विरली आहे, काढून द्या, उलटवून शिवते. मी म्हटलं, तू अजून मशीनवर बसायचं नाहीस. त्यावरून जुंपली. डॉक्टर तुम्ही की त्या, म्हणाली. मग चहा पचपचीत झालाय म्हणाली. मग खिडकीजवळचं कपाट कुठल्या भिंतीला लावावं यावर आमचं दुपारपर्यंत चाललं, आणि मी बाजू बदलून हिचंच म्हणणं मांडायला लागलो तेव्हा ही माझं मांडायला लागली. जेवताना हिने नळीतून पहिला श्वास घेतला तेव्हा काय वाटलं होतं ते सांगितलं. ते हिने चिऊलाही सांगितलेलं नाही. मी लिफ्टमधल्या त्या गृहस्थांचं पुन्हा सांगितलं, तर म्हणाली, मागच्या वेळी बूट काळा-तपकिरी होता, आज काळा-पांढरा कसा झाला. हसून हसून हिच्या गळ्याची पट्टी बदलावी लागली.

पट्टी बदलता बदलता शेवटी मी विचारलं. "सगळ्यांशी त्या आवाजात बोलतेस. माझ्याशी का नाही?"

ही ओठ हलवून म्हणाली, "तुम्हाला कशाला लागतो?"

मी म्हटलं, हे काही उत्तर झालं नाही. ही म्हणाली, झालं. मी म्हटलं, मग समजावून सांग. ही म्हणाली, समजावण्यासारखं असतं तर सांगितलं असतं, पट्टी जरा सैल बांधा. मी सैल बांधली. माझी तक्रार कायम आहे हे सांगून ठेवलं. मग कपाटाचा विषय पुन्हा निघाला आणि आम्ही रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत बोलत बसलो. कॉम्प्युटर आज चालूच केला नव्हता.